भिंत उजव्या हाताला

८ फेब्रुवारी, शनिवार

ही वही दुधाच्या हिशोबाची. गवळी बदलला, मागची पानं कोरी राहिली. टाकायची कशाला? मन मोकळं करायला चांगली.

आज सहा पोरी आल्या. इंग्लिश स्पीकिंगचा सहा महिन्यांचा कोर्स, मग नर्सिंगची ॲडमिशन. पाच गडचिरोलीकडच्या, पार जंगलातल्या. एक दिव्यानी तेवढी चिमूरची. तिचं तोंड फार चालतं. राहण्याजेवणाची जबाबदारी क्लासच्या माधवी मॅडमनी पुन्हा माझ्यावर सोपवली. "पुन्हा" म्हणताना मॅडम जरा थांबल्या. मागच्या बॅचच्या तीन पोरी महिन्याभरात गावाला परत गेल्या होत्या, म्हणून. एकीला इथली हवा मानवली नाही, एकीची आजी आजारी पडली, एकीचं लग्न ठरलं. यात माझा काय दोष?

मॅडम म्हणाल्या, वच्छलाकाकू, या वेळी एकही मुलगी परत जाता कामा नये. मी म्हटलं, निश्चिंत राहा. एकतीस वर्षं झाली मला चंद्रपुरात.

अडचण एकच. सुकरी. हेमलकशाच्याही पुढच्या गावची. बाप झिंगू सोबत आला. घरात या म्हटलं तर आला नाही, अंगणात उकिडवा बसला. म्हणाला, "लटारू माह्या भाचा हाय इथी, त्याच्याकडं राह्यतो. सोळा तारखेले पाचले जटपुरा गेटवर येतो. पोरीचं तोंड पाह्यतो. हसून राह्यली तं ठेवतो. नाई तं बसमंधी बसवतो."

आठ दिवस. आठ दिवसांत तर दगडालाही हसवीन.

१० फेब्रुवारी, सोमवार

टाइमटेबल लावलं. पाचला उठणे, अंघोळ, साडेपाचला आरती. दुपारी झोप नाही. सहाही मोबाइल स्टीलच्या डब्यात, डबा माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. फक्त जेवणानंतर अर्धा तास. पोरींना घरासारखं वाटायला शिस्त लागते.

सुकरीच्या पिशवीत सुकी मासोळी निघाली. देवघर असलेल्या घरात! मी रागावले नाही. पिशवी बाहेर कडुनिंबाला टांगून ठेवली, म्हटलं जाताना घेऊन जाशील. मांजरीनं नेली. देवीची इच्छा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सुकरी काही बोलत नाही. जेवण कमी. संयमी पोरगी आहे. रमली असं वाटतं.

दिव्यानी म्हणाली, "काकू, ते बाथरूममंधी रडते." मी म्हटलं, नळाचा वायसर गेलाय, तो आवाज असेल. दिव्यानी म्हणाली, "नळ 'आई' म्हणते का?"

या पोरीकडे लक्ष द्यायला हवं. दिव्यानीकडे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी झिंगू येऊन फाटकाशी उभा राहिला. सुकरी बाहेर गेली. दोघं त्यांच्या बोलीत बोलले. ती मान खाली घालून. तो गेला, जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही. पोरगी नेणार की काय?

मग मॅडमचा फोन. नव्या मुलींना रविवारी शहर दाखवायचं आहे. तेलुगू, बंगाली, मुसलमान, पंजाबी, खाणीवरचे यूपी-बिहारवाले, सगळे इथे एकत्र कसे राहतात ते त्यांना कळावं. सोमवारी प्रत्येकीनं पाहिलेल्यावर इंग्लिशमध्ये बोलायचं. इतिहासाचे एक रिटायर सर आहेत, त्यांना सांगू का, म्हणाल्या. मी म्हटलं, परके कशाला? टूर मीच काढते.

दुपारी महाकालीला गेले. नवस बोलले, आई, सुकरी राहू दे, शहराभोवतीच्या परकोटाला प्रदक्षिणा घालीन. घरी येताना रस्त्यात सुचलं. नवस फेडायलाही चालायचं, शहर दाखवायलाही चालायचं. मग एका फेरीत दोन्ही का नको? नवस आगाऊ फेडला तर देवी काही नाही म्हणणार नाही. उलट तिच्यावर जबाबदारी येते.

प्रदक्षिणा म्हणजे भिंत उजव्या हाताला हवी. मागे फिरायचं नाही, नाहीतर सगळं फुकट. आणि देवळाला प्रदक्षिणा बाहेरून घालतात, म्हणून परकोटाच्याही बाहेरून.

रात्री यांना प्लॅन सांगितला. हे म्हणाले, "अवं, पाह्यन्यासारखं सारं भिंतीच्या आत हाय. तू बाहीरून काय दाखवशीन? शेवाळ?" खाणीतून रिटायर झाल्यापासून बापूरावांचा स्वभाव असा झालाय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तयारी पूर्ण. पाण्याच्या दोन बाटल्या, साबुदाण्याचा एक डबा. उद्या संकष्टी, तेव्हा सगळ्यांनाच उपास. आठला निघायचं, बाराला परत. दुपारी आराम, पाचला जटपुरा गेटवर झिंगू. मोबाइल कुणी नेणार नाही. मोबाइलमध्ये बघत राहिल्या तर शहर कधी बघणार? फक्त माझा. ही वहीही सोबत घेणार, टूरची नोंद राहावी.

परकोट मोठा आहे म्हणे. किती मोठा असून असून असणार? माणसांनीच बांधलाय.

सुकरी अजून हसली नाही. हसेल.

१६ फेब्रुवारी, रविवार, संकष्टी

७.५० जटपुरा गेट. गणपतीचं नाव घेतलं. पोरींना इंग्लिशमधून सुरुवात करून दिली. मॅट्रिकला इंग्लिशमध्ये एकेचाळीस मार्क होते मला. मग मराठीतून सांगितलं, की हे फार मोठमोठ्या राजांनी बांधलं, तुमच्याकडे जंगलात असं काही नसणार. सुकरी काहीतरी बोलली. ट्रॅफिकमध्ये ऐकू आलं नाही.

९.२० भिंत चालू. एका ठिकाणी कुणाचं तरी घर भिंतीला चिकटलेलं. वळसा घातला असता तर भिंत सुटली असती. म्हणून अंगणातून गेलो. तिथे एक माणूस अंघोळ करत होता. "बाई, हे माह्यं आंगन हाय!" मी म्हटलं, आम्ही प्रदक्षिणेला आहोत. तो बादलीमागे लपला. पोरी पहिल्यांदा हसल्या. सुकरी नाही.

१०.३० अचलेश्वर गेट. पाच मिनिटं विश्रांती. एकेक चमचा साबुदाणा. सुकरीनं विचारलं, गेटच्या आत पाहून येऊ का? आठ दिवसांत पहिल्यांदा मला काही विचारलं तिनं. म्हणून हो म्हटलं. पाच मिनिटांत ये म्हटलं.

११.२५ झुडपं, काटे, नाल्याचा वास. पोरी मोजल्या. पाच. पुन्हा मोजल्या. पाच.

सुकरी नाही.

११.४० दिव्यानी म्हणते, "गेटपासूनच नाही, मी ओरडली तं तुमी म्हटलं बोलू नका, नामस्मरण करा. मी मागं जाऊन आणतो तिले." मी म्हटलं, मागे फिरायचं नाही. "काऊन?" कारण विचारू लागली. नवसाचं सांगावं लागलं. सांगितलं की हा नवस सुकरीसाठीच आहे. तिच्यासाठी मागे फिरलो तर तिचाच नवस मोडेल, आणि नवस मोडला तर ती जाईल. डोकं शांत ठेवून विचार करायला हवा.

दिव्यानी माझ्याकडे बघतच राहिली. तिला पटलं असावं.

११.५५ सुकरीला फोन लावला. रिंग गेली. लगेच यांचा फोन. "अवं, कपाट वाजून राह्यलं. किल्ली कुठी हाय?" किल्ली माझ्या कमरेला. म्हटलं वाजू द्या.

१.१० ऊन. पाणी संपलं. पाचला झिंगू. मी देवीला म्हटलं, आई, मी माझं काम करतेय, तू तुझं कर. ती लहान नाही, अठराची आहे. जंगलात वाघाच्या वाटेवरून शाळेत जायची म्हणे. इथे तर नुसती माणसं आहेत.

पण माणसंच आहेत. तेच मनात येतंय.

२.३५ पठाणपुरा गेट. इथे वाद झाला. दिव्यानी म्हणाली, "तुमी घाला प्रदक्षिणा. आमी पोरगी पाह्यतो." आणि पाचही जणी गेटमधून आत गेल्या. मी बाहेर उभी राहून हाका मारल्या. आत जाता येत नव्हतं, फेरी मोडली असती. एकीनंही वळून पाहिलं नाही. दोन मिनिटं गेटच्या कमानीखाली उभी राहिले. एक पाय आत टाकलाही होता. काढून घेतला.

३.३० टूर चालू आहे. सध्या मी एकटी.

३.५० बिनबा गेटच्या अलीकडे मॅडमचा फोन. "काकू, सगळ्या मजेत ना?" मी म्हटलं, हो, सगळ्या मजेत. खोटं बोलले असं नाही. कुठे ना कुठे असतीलच मजेत. फोन ठेवल्यावर साबुदाण्याचा रिकामा डबा दोनदा उघडून पाहिला. उपासामुळे.

४.३५ चपलेचा अंगठा तुटला. अजून जटपुरा दिसत नाही. झिंगू निघाला असेल. त्याला काय सांगू? तुमची पोरगी भिंतीच्या आत कुठेतरी आहे? आई महाकाली, पोरगी सुखरूप दे. राहो न राहो, दे.

रात्री नऊ. चंद्रोदय व्हायचा आहे. तोवर लिहून घेते.

पाच वीसला पोचले, एक चप्पल हातात. गेटसमोर झिंगू बसलेला. शेजारी सुकरी. सोबत पाचही पोरी, आणि एक अनोळखी काळीसावळी बाई, पांढऱ्या कपड्यातली. सगळ्या जिलबी खात होत्या. संकष्टीला.

सुकरी हसत होती. तोंडभर. हातात हिरव्या बांगड्या.

रस्त्यातच बसले आणि देवीला हात जोडले. दिव्यानी म्हणाली, "काकू, कुठी होत्या? आमी अर्ध्या घंट्यापासून तुमची वाट पाहून राह्यलो."

झिंगूनं शांतपणे विचारलं, "बाई, पोरगी साडेधापासून नव्हती. तुमी काय केलं?"

मी सांगितलं, प्रदक्षिणा पूर्ण केली. तिच्यासाठीच.

त्यानं पोरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "परवा सांगतो." पण पोरगी हसत होती, हे त्यानं पाहिलं आहे. अट तीच होती. एकंदरीत टूर यशस्वी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

क्लासमध्ये शेवटच्या बाकावर बसले. देखरेख म्हणून. सुकरी उठली आणि चार मिनिटं इंग्लिशमध्ये बोलली! ती, जी मला "पाणी" सुद्धा मागत नव्हती. मला बहुतेक समजलं. राहिलेलं दिव्यानीला विचारलं.

सुकरी गेटच्या आत गेली तेव्हा समाध्या बघायला थांबली. या गोंड राजांच्या आहेत, हा परकोटही गोंड राजांनी बांधला, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आजी सांगायची. स्वतः गोंड, म्हणून वर्गात म्हणाली, "माय किंग." मॅडमनी टाळ्या वाजवल्या. हे तिनं मला का नाही सांगितलं? सांगितलं असेल, जटपुऱ्याला. ट्रॅफिक.

परत आली तर आम्ही नाही. घाबरून समाधीपाशीच बसून राहिली. एक तास. तिथे ती पांढऱ्या कपड्यातली बाई आली. केरळची नर्स, चंद्रपुरात येऊन आठच दिवस झालेली. मराठी नाही, हिंदी नाही. वाट चुकलेली. दोघींना जोडणारं एकच, मोडकंतोडकं इंग्लिश. मग दोघींनी मिळून शहर पाहिलं. एका चाचीनं तिला बांगड्या भरल्या आणि घरात नेऊन भात वाढला. बंगाली मिठाईवाल्यानं रस्ता सांगितला, तेलुगू ऑटोवाल्यानं जटपुऱ्याला सोडलं, तिथे शोधत आलेल्या पाचही जणी भेटल्या. नर्स म्हणाली, माझ्या होस्टेलजवळ गिरजाबाईंची मेस आहे, मुलींना राहताही येतं, बुधवारी मासोळी असते.

शेवटी सुकरी म्हणाली की कालचा दिवस तिचा इथला पहिला चांगला दिवस होता.

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी नम्रपणे मान हलवली. टूर मीच काढली होती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी झिंगू आला. आज पहिल्यांदा पायरीवर बसला. चहा घेतला.

म्हणाला, "पोरगी राह्यते."

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. देवघराकडे वळून नमस्कार केला. वळले तोवर तो पुढचं बोलला होता. "गिरजाबाईच्या इथी राह्यते."

मी विचारलं, का? माझं काय चुकलं?

"चुकलं नाई बाई. तुमी चांगल्या हा. पर आमच्या इथी वाटेनं जाताना मागचा मानूस राह्यला तं पुढचा थांबते."

मी समजावलं, प्रदक्षिणेत थांबता येत नाही, मागे फिरता येत नाही.

"हौ," म्हणाला. "म्हनूनच."

सुकरीनं पिशवी उचलली. मला वाकून नमस्कार केला. मी मोबाइल काढून दिला. अकरा मिस्ड कॉल होते, सगळे माझे.

भोळा माणूस. धर्माच्या बारीक गोष्टी त्याला कळायच्या नाहीत. गिरजाबाईचं घर आमच्या मागच्याच गल्लीत आहे. म्हणजे पोरगी तशी माझ्याच देखरेखीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोन पोरी गेल्या. गिरजाबाईकडे. हवा मानवत नाही म्हणाल्या. मधे एक भिंत, इकडची हवा वेगळी आणि तिकडची वेगळी?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आणखी दोघी. एकीनं आजीचं नाव सांगितलं. आजी गडचिरोलीला आजारी, आणि पोरगी मागच्या गल्लीत निघाली.

मॅडमना फोन केला. मॅडम खूश होत्या. "काकू, या वेळी एकही मुलगी गावी गेली नाही!" मी म्हटलं, मी म्हटलंच होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दिव्यानीही गेली. तिनं मात्र हवेचं नाव घेतलं नाही. म्हणाली, "काकू, मले तिकडची भाजी आवडते, आन् झोप पुरते." दारातून परत आली आणि म्हणाली, "तुमी उद्या येता का? सुकरी शहर दाखवून राह्यली. क्लासच्या बाकीच्या दोन बॅचच्या पोरी बी हायेत. भिंतीच्या आतून."

मी म्हटलं, बघते. कामं खूप आहेत.

यांनी विचारलं, कोणतं काम? मी सांगितलं, डबा घासायचा आहे. स्टीलचा. रिकामा झाल्यामुळे.

२३ फेब्रुवारी, रविवार

मी हरवले नव्हते. हे आधी लिहून ठेवते.

सीनियर म्हणून गेले होते. जटपुरा गेटमधून आत गेलो. सुकरी पुढे, दोन भाषांत बोलत. दर चौकात थांबून माणसं मोजत. मी मुद्दामच शेवटी राहिले. पोरींच्या मागे कुणीतरी जबाबदार माणूस हवं. गोल बाजाराच्या पुढे एका गल्लीत काशाच्या समया लावलेल्या दिसल्या, त्यांचं वजन बघायला थांबले. मान वर केली तर कुणी नाही.

डावीकडे गेले. मग उजवीकडे. पुन्हा त्याच समया. माझं घर, देऊळ, रेशन दुकान, भाजी, हे सगळे रस्ते मला पाठ आहेत. ही गल्ली त्यांच्यात नव्हती. विचारलं असतं कुणालाही. पण एकतीस वर्षं याच शहरात काढलेल्या बाईनं, जटपुरा गेट कुठे, असं विचारायचं? लोक काय म्हणतील?

गुडघा दुखत होता. एका शिंप्याच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसले. शिंपी म्हातारा, चष्मा नाकावर. पाणी दिलं. मला खालवर पाहिलं आणि म्हणाला, "नव्या दिसता, बाई. कोन्या गावच्या?"

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला सुकरी दिसली. धावत येत होती, बांगड्या वाजवत. मागे दिव्यानी ओरडत होती, "सापडल्या, सापडल्या!"

त्या पोचायच्या आत उत्तर द्यायला हवं होतं.

"पोंभुर्ण्याच्या," मी म्हटलं. माझं माहेर आहे ते. "आजच आले."

"हात्तिच्या! मंग बसा," म्हणाला. मशीन थांबवलं, खडू घेतला आणि कापडाच्या तुकड्यावर मला चंद्रपूर काढून दाखवलं.